तुमच्यावर एक बटण दाबू का?

दरोडा ही दोन पक्षांनी मिळून करायची गोष्ट आहे. एक पक्ष घेतो, दुसरा देतो. घेणारा पक्ष चांगली तयारी करून येतो आणि देणाऱ्याला मात्र ऐनवेळी कळतं, ही या व्यवहारातली जुनी त्रुटी. त्यामुळे देणाऱ्याची फार तारांबळ उडते. तो चुकीचा खण उघडतो, किल्ली पाडतो, कधीकधी तर ओरडतोसुद्धा. ही त्रुटी दूर व्हावी म्हणून अखेर एका कंपनीने पुढाकार घेतला आणि आपल्या सर्व दुकानांसाठी ‘संभाव्य दरोडा हाताळणी धोरण’ जाहीर केलं. (पडलेला दरोडा हाताळायला पोलीस असतात. न पडलेल्या दरोड्याला आजवर कुणी वाली नव्हता.)

हे धोरण ज्या दुकानात सगळ्यांत मनापासून पाळलं गेलं, त्याच्या काउंटरवर भाऊजी बसायचे. साबण, बल्ब, वह्या, सेल, डोकेदुखीच्या गोळ्या असं सगळं मिळणारं ते दुकान पूर्वी एका कुटुंबाचं होतं. तिथल्या मालकीणबाई त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून गिऱ्हाइकंही भाऊजी म्हणू लागली. पुढे मालकीणबाईंनी दुकान कंपनीला विकलं आणि त्या मुलाकडे राहायला गेल्या. भाऊजी मात्र मागे राहिले, सगळ्या गल्लीचे भाऊजी होऊन. कंपनीने त्यांना ‘दुसरा योग्य माणूस मिळेपर्यंत तात्पुरते’ ठेवून घेतलं होतं. दुसरा योग्य माणूस शोधायची आठवण कुणाला झाली नाही, आणि भाऊजींना कायम करायचीही.

कायम होणं ही त्यांच्या आयुष्यात उरलेली एकच इच्छा होती. तात्पुरत्या माणसाला कंपनी कधीही उचलून गोदामावर पाठवू शकत असे, आणि गोदाम होतं दुसऱ्या गावी. भाऊजींची बायको घरी शिवणकाम करायची. तिचं मशीन, तिची गिऱ्हाइकं, ब्लाउजची मापं आणि त्या मापांमागच्या खासगी गोष्टी सगळ्या याच गल्लीत होत्या. नव्या गावात जाऊन पहिल्या गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती टेप गुंडाळायला किती वर्षांचा विश्वास लागतो, हे तिला माहीत होतं.

आता भाऊजींचा स्वभाव. तो भिडस्त होता. भीड भिकेची बहीण, हे बायको त्यांना रोज ऐकवायची आणि भाऊजी भिडेपोटी तेही ऐकून घ्यायचे. एकदा कुणाचा तरी चुकून लागलेला फोन त्यांनी उचलला. समोरचा इतक्या आनंदाने बोलत होता, की त्याचा हिरमोड नको म्हणून भाऊजी बराच वेळ त्याचे मेहुणे होऊन बोलले. तो मनुष्य अजून अधूनमधून फोन करतो. गेल्या खेपेला त्याने मुलीच्या लग्नाबद्दल सल्ला विचारला आणि भाऊजींनी दिला.

धोरण समजावून सांगायला कंपनीचे सुरक्षा सल्लागार स्वतः आले. या विषयातला त्यांचा अधिकार मोठा होता. त्यांच्या स्वतःच्या दुकानावर तीनदा दरोडा पडला होता आणि चौथ्यांदा पडायला दुकानच उरलं नव्हतं, त्यामुळे ते पूर्णवेळ सल्ला द्यायला मोकळे होते. त्यांनी काउंटरच्या आतल्या बाजूला संभाव्य दरोडेखोराची लक्षणं चिकटवली. ती अशी:

दुकानात शिरताना इकडेतिकडे बघतो.

वस्तू हातात घेतो, किंमत वाचतो आणि वस्तू परत ठेवतो.

दुकान किती वाजता बंद होतं, असं विचारतो.

टोपी, चष्मा किंवा दाढी बाळगतो. (तिन्ही असल्यास अतिसंभाव्य. तिन्ही नसल्यास वेष पालटलेला.)

सूचक भाषा वापरतो.

“सूचक म्हणजे कशी?” भाऊजींनी विचारलं.

एवढ्यात समोरच्या दुकानातला चष्मेवाला टॉर्च घ्यायला आला. भाऊजींनी दोन-तीन टॉर्च पुढे केले. “घाई नाही भाऊजी,” चष्मेवाला म्हणाला, “आधी बघून घेतो.”

सल्लागारांनी भाऊजींच्या दंडाला चिमटा काढला. चष्मेवाल्याने टॉर्च चालू-बंद करून बघितले, एकही पसंत केला नाही आणि “बरं, येतो” म्हणून तो निघून गेला.

“ऐकलंत?” सल्लागारांचा आवाज खाली आला होता. “आधी म्हणाला बघून घेतो. मग म्हणाला येतो. जाताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. आणि तुम्ही काय म्हणालात त्याला?”

“या म्हणालो.”

सल्लागारांनी कपाळाला हात लावला. ते बसले होते तेवढ्या वेळात आणखी चार जणांनी ‘येतो’ अशी उघड धमकी दिली आणि भाऊजींनी चौघांनाही ‘या’ म्हणून निमंत्रण दिलं. आपल्या भाषेत इतका हिंसाचार भरलेला आहे हे भाऊजींच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं.

त्याच सुमारास कंपनीच्या ग्राहकसेवा विभागाचाही एक कागद आला. त्यात आदर्श ग्राहकाचं वर्णन होतं: तो थेट काउंटरवर येतो, त्याला काय हवं ते त्याला पक्कं माहीत असतं, तो घासाघीस करत नाही, बिल मागत नाही आणि काम झालं की रेंगाळत नाही. भाऊजींनी हाही कागद पहिल्याच्या शेजारी चिकटवला. एका कागदावरून बघितलं तर गल्लीतलं प्रत्येक गिऱ्हाईक दरोडेखोर ठरत होतं, आणि दुसऱ्यावरून बघितलं तर आदर्श गिऱ्हाईक फक्त दरोडेखोरच होऊ शकत होता. दोन्ही कागदांवर एकाच साहेबांची सही होती.

राहिलं बटण. ते काउंटरखाली, बसलेल्या माणसाच्या गुडघ्यापाशी बसवलं होतं. संभाव्य दरोडेखोर समोर आला की ते हळूच दाबायचं. आवाज काही होत नाही, फक्त दूर मुख्य कार्यालयात या शाखेच्या नावाचा दिवा लागतो. दिवा लागल्यावर मुख्य कार्यालयाने काय करायचं, हे धोरणाच्या दुसऱ्या भागात येणार होतं. (दुसरा भाग विचाराधीन आहे.)

पहिला महिना गेला, भाऊजींचा दिवा काही लागला नाही. मुख्य कार्यालयातून फोन आला.

“तुमच्या शाखेत धोका नाही, हे कसं काय?”

“कुणी आलंच नाही साहेब तसं.”

“बाकीच्या शाखांना मग वेड लागलंय का? धोका सगळीकडे असतो. दिसत नसेल तर बघणाऱ्यात खोट आहे. या महिन्यातही दिवा लागला नाही, तर आम्ही काउंटरवर जरा जागा माणूस बसवू. तुम्हाला गोदामावर जागा आहे. आणि लागला, तर तुमचं ते कायमचं प्रकरण आहे ना, तेही बघता येईल.”

भाऊजी घरी येऊन गप्प बसले. बायकोने मशीन थांबवून सगळं काढून घेतलं.

“मग दाबून टाका की कुणावर तरी,” ती म्हणाली. “कुणाला कळतंय?”

“असं कसं? माणूस समोर उभा राहून हसतोय, बायकोपोरांचं सांगतोय, आणि मी खाली गुडघ्यापाशी त्याला दरोडेखोर ठरवतोय. बरं दिसतं का ते?”

“मग विचारून दाबा!”

हे ती त्राग्याने म्हणाली होती. पण भाऊजींच्या चेहऱ्यावरचं ओझं एकदम उतरलं. इतका सरळ मार्ग आपल्याला कसा सुचला नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या इमारतीतल्या आजी आल्या. आजी रोज येत, सगळ्या साबणांचा वास घेत आणि सगळे साबण परत ठेवून जात. लक्षणांच्या दृष्टीने त्यांच्याइतकं संभाव्य गल्लीत कुणी नव्हतं. भाऊजींनी घसा साफ केला.

“आजी, राग नसेल तर तुमच्यावर एक बटण दाबू का?”

“त्याने काय होतं रे?”

“काही नाही. तिकडे एक दिवा लागतो.”

“लाव बाबा. तेवढाच कुणाला उजेड.”

भाऊजींनी बटण दाबलं. दोघंही क्षणभर थांबली. काही झालं नाही. आजींनी आणखी एका साबणाचा वास घेतला आणि त्या गेल्या. अशा रीतीने त्या शाखेतला पहिला संभाव्य दरोडा यशस्वीरीत्या हाताळला गेला.

चांगली गोष्ट लपून राहत नाही. आजींवर दाबलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. चष्मेवाला स्वतःहून आला आणि आपल्यावर दाबून घेऊन गेला. भाऊजी कुणाच्याही नकळत काही करत नाहीत, आधी विचारतात, राग आहे का याची चौकशी करतात, याचं लोकांना कौतुक वाटलं. मुख्य कार्यालय म्हणजे काहीतरी मोठंच असणार आणि तिथे आपल्या नावाने दिवा लागतो म्हणजे हा मानच, अशी समजूत पसरली. एक सासूबाई नव्या सुनेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “हिच्यावरही दाबा हो, आता घरातलीच आहे.” मग जिथे मान आला तिथे रुसवेही आले. गणिताचे निवृत्त मास्तर एके दिवशी तणतणत काउंटरवर येऊन उभे राहिले.

“त्या चष्मेवाल्यावर दोनदा दाबलंत म्हणे.”

“हो मास्तर.”

“मी इतकी वर्षं या दुकानात येतोय. माझ्यात काय कमी आहे?”

“तसं नाही मास्तर, पण तुम्ही इकडेतिकडे बघत नाही, किंमत विचारत नाही…”

मास्तर तडक घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते टोपी घालून आले, दारातच थबकले, छताकडे, कोपऱ्यांकडे आणि गल्ल्याकडे रोखून बघितलं आणि वर्गाला प्रश्न विचारावा तशा आवाजात म्हणाले, “हे दुकान बंद किती वाजता होतं?” भाऊजींनी त्यांच्यावर दोनदा दाबलं. मास्तरांनी दाढी वाढवायलाही घेतली होती, ती घरच्यांनी हाणून पाडली.

दोन महिन्यांत ही शाखा तळातून पहिल्या क्रमांकावर आली. मुख्य कार्यालयाच्या पाहणीनुसार तिथले शंभरातले त्र्याण्णव ग्राहक संभाव्य दरोडेखोर होते. (उरलेले सात आजारी होते.) इतकी जागरूकता कंपनीच्या इतिहासात झाली नव्हती. भाऊजींना अभिनंदनाचा फोन आला, आणि कायमचं प्रकरण पुढे सरकलं. आता फक्त एका साहेबांनी दुकानात येऊन भाऊजींचं काम डोळ्यांनी बघायचं, की झालं. अडचण एवढीच होती, की मुख्य कार्यालयातल्या धोक्याच्या नकाशावर ही गल्ली आता लाल रंगाने भरली होती आणि अशा धोक्याच्या ठिकाणी पाऊल टाकायला एकही साहेब तयार नव्हता. भाऊजींनी जितकं मन लावून काम करावं, तितकं ते बघायला येणारा माणूस लांब पळत होता. बायकोने काय ते ओळखलं आणि कपाळावर हात मारून ती पुन्हा मशीनला बसली.

असं चाललेलं असताना एका दुपारी, दुकान रिकामं असताना, एक मनुष्य आला. इस्त्रीचा शर्ट, टोपी नाही, चष्मा नाही, दाढी नाही. तो दारात रेंगाळला नाही, साबणांकडे वळला नाही. थेट काउंटरवर आला. शेजारच्या कागदाप्रमाणे हा आदर्श ग्राहक असल्यामुळे भाऊजी आदराने उठून उभे राहिले.

त्या माणसाने एक कापडी पिशवी काउंटरवर ठेवली. “गल्ल्यातलं सगळं यात टाका,” तो हळू आवाजात म्हणाला. “आवाज करू नका. माझ्या खिशात काय आहे, ते मला दाखवायला लावू नका.”

भाऊजी मटकन खुर्चीत बसले, आणि गुडघा बरोबर बटणापाशी आला. सगळी कंपनी, सगळं धोरण, सल्लागारांचे तिन्ही दरोडे ज्या क्षणासाठी झिजले, तो हा क्षण होता. पण इतक्या दिवसांची जिभेला लागलेली सवय गुडघ्याच्या आधी हलली.

“राग नसेल तर,” भाऊजी म्हणाले, “तुमच्यावर एक बटण दाबू का?”

तो मनुष्य बघतच राहिला. “कसलं बटण?”

“खाली आहे. काही होत नाही. तिकडे दिवा लागतो.”

त्या माणसाने विचार केला. त्याने विचार केला हे खरं आहे, उगाच खोटं कशाला बोला.

“नको,” तो म्हणाला.

“बरं,” भाऊजी म्हणाले.

इथे थोडं थांबायला हवं. आजवर भाऊजींना ‘नको’ असं कुणी म्हटलंच नव्हतं. गिऱ्हाइकाने नकार दिल्यास काय करावं, याबद्दल धोरणात एक अक्षर नाही. आणि समोरच्याने तोंडावर नको म्हटल्यावर गुपचूप खालून दाबायचं, हे भाऊजींच्या हातून या जन्मी होणारं नव्हतं.

ते पिशवीत नोटा भरू लागले. हात इतके कापत होते, की चिल्लर खाली सांडली. ती गोळा करायला दोघंही वाकले.

“काका, घाम फुटलाय तुम्हाला,” तो मनुष्य खालूनच म्हणाला. “राहू द्या, मी उचलतो. बसा तुम्ही. बीपी आहे का?”

“थोडं आहे.”

“गोळी घेतलीत ना आज?”

“सकाळी घेतली.”

त्याने काउंटरवरची बाटली उघडून भाऊजींच्या हातात दिली. “पाणी प्या. छातीत वगैरे दुखत नाही ना?”

“नाही नाही.”

“मग ठीक.” त्याने पिशवीचे बंद बांधले, दारापर्यंत गेला आणि सवयीने मागे वळून म्हणाला, “येतो.”

“या,” भाऊजी म्हणाले.

बातमी फुटायला फार वेळ लागला नाही. पहिला आला चष्मेवाला, धापा टाकत. “किती गेले?” त्याने विचारलं. मागून आजी आल्या. “किती रे गेले?” मास्तर आले, त्यांनी आधी किती गेले ते विचारलं आणि मग दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “आणि त्याच्यावर दाबलं नाहीत. आमच्यावर बरं दाबता!” मुख्य कार्यालयाच्या फोनवर तर भाऊजी ‘हॅलो’ म्हणायच्या आतच “किती?” असा आवाज आला. पोलीस आले, त्यांनीही तेच विचारून सुरुवात केली आणि मग दरोडेखोराचं वर्णन मागितलं. “चांगला माणूस होता,” भाऊजी म्हणाले. पोलिसांनी चांगल्याची उंची विचारली.

बायको शिवणाची कात्री हातात घेऊनच धावत आली होती. तिने कात्री काउंटरवर आपटली.

“विचारलंत? त्याला विचारलंत तुम्ही?”

“तूच म्हणाली होतीस.”

“आणि तो नको म्हणाला, तर ऐकलंत. सगळ्या जगाचं ऐकता तुम्ही. एक माझं सोडून.” मग तिचा आवाज फाटला. तिने पदराने डोळे पुसले, नाक ओढलं आणि विचारलं, “किती गेले हो?”

चौकशी समिती नेमली गेली. समितीने सर्वांत आधी दिव्याची माहिती मागवली आणि तिला असं आढळलं, की त्या दुपारी दिवा लागलेलाच नाही. सबब, धोरणाच्या दृष्टीने त्या दुपारी शाखेत पूर्ण शांतता होती. मग पैसे गेले कुठे? साक्षीला गल्लीतले सगळे तयार होते, पण ते सगळे कंपनीच्याच माहितीनुसार संभाव्य दरोडेखोर असल्याने त्यांची साक्ष धरता येईना. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण फार जुनी झाली. कंपनी सुधारलेली आहे. तिने संन्याशाला फाशी न देता त्याची चौकशी लावली.

चौकशी पुरी करायची तर समितीने दुकानात यायला हवं, आणि गल्ली लाल असल्यामुळे समिती येऊ शकत नाही. तेव्हा चौकशी चालूच आहे, आणि चालूच राहील. आता कंपनीचा एक नियम असा आहे, की ज्याची चौकशी चालू आहे, त्याची बदली करता येत नाही, त्याला काढता येत नाही आणि चौकशीपेक्षा कमी मुदतीवर ठेवताही येत नाही. चौकशी कायम, म्हणून भाऊजीही कायम. तसं पत्र आलं. बायकोने ते दोनदा वाचलं आणि मशीनच्या खणात मापांच्या चिठ्ठ्यांखाली ठेवून दिलं. गोदाम टळलं होतं. तिने नव्या ब्लाउजचं कापड पुढ्यात ओढलं, आणि त्या दिवशी तिचं मशीन नेहमीपेक्षा जोरात चाललं.

बैल गेला आणि झोपा केला असं कुणी म्हणू नये म्हणून कंपनीने बटणातही सुधारणा केली. आता ते खुर्चीखाली असतं. काउंटरवरचा माणूस घाबरून उठला की दिवा आपोआप लागतो, कुणाला विचारण्याचा प्रश्नच नाही. भाऊजी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी उठून उभे राहतात, त्यामुळे मुख्य कार्यालयात त्यांचा दिवा दिवसभर लुकलुकत असतो. त्याकडे आता कुणी बघत नाही.

समितीने भाऊजींना जे प्रश्न पाठवले, ते फार बारकाईने काढलेले आहेत. नोटा कोणत्या होत्या, चिल्लर किती सांडली, त्यातली किती गोळा झाली, पिशवीचे बंद कोणत्या रंगाचे होते. भाऊजी रोज थोडी थोडी उत्तरं लिहितात. लिहिताना त्यांचा हात अजून जरा कापतो, पण तसा प्रश्न कुठे नसल्यामुळे ते लिहायला जागा नाही. तो प्रश्न आजवर एकाच माणसाने विचारला, आणि पोलीस त्याच्या शोधात आहेत.

एवढं सगळं सविस्तर सांगूनही या हकिगतीत दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, गल्ल्यातून नेमके किती गेले. आणि दुसरी, भाऊजी त्या दिवशी घरी जाऊन दोन घास जेवले की नाही. पहिली राहिल्याचं तुमच्या केव्हाच लक्षात आलं होतं. दुसरी राहिल्याचं आत्ता आलं, सांगितल्यावर.